मेहुणाचं पान

"तुझं ते उद्यापन नक्की कधी आहे गं?"

मी देवापुढे वात लावत होते. यांचा प्रश्न कानावर आला आणि हात तसाच थांबला. बारा वर्षांत यांनी माझ्या व्रताबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

"गुरुवारी," मी म्हटलं. "का हो?"

"काही नाही. सहज. मेहूण कोण सांगितलंयस?"

"अजून कोणी नाही. इथे नागपुरात कोणाला सांगावं, सुचत नाही. गुरुजींनाच विचारणार होते."

हे खुर्ची ओढून देवघराच्या दारात बसले. हातात वर्तमानपत्र नव्हतं, की फाईल नव्हती. "किती वेळ चालतं ते सगळं?"

"पाय धुवायचे, पूजा करायची, मग जेवण, विडा, ओटी. अकराला सुरुवात केली तर दोन-अडीच होतील."

"आणि जेवताना मध्ये उठता येत नाही. बरोबर ना?"

"नाहीच उठता येत. पानावर बसलेल्या माणसाला मध्ये उठवायचं नाही. आणि त्याच्या कानावर वाईट काही घालायचं नाही. तुम्हाला ठाऊक आहे की."

"ठाऊक आहे," हे हसले. "मग ढोमण्यांना बोलाव. नवरा-बायको दोघेही भाविक आहेत."

मला इतका आनंद झाला की वात विझली तेही कळलं नाही.

व्रताचं सांगते. बारा वर्षांपूर्वी एका प्रचारसभेहून येताना यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी हात वर केले होते. दवाखान्याच्या ओसरीत उभी राहून मी देवीला म्हटलं, यांना घरी आण. रोज दुपारी एका माणसाला पान वाढल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घालणार नाही. देवीनं आणलं. तेव्हापासून नेम सुटला नाही. कधी पोस्टमन जेवला, कधी भाजीवाली, कधी आमदार. पानावरचे दोन नियम सासूबाईंनी घालून दिलेले. त्या म्हणायच्या, खाणाऱ्याचा घास कडू झाला तर वाढणारीचं पुण्य आंबतं. बारा वर्षं पुरी झाली की उद्यापन. त्या दिवशी एका जोडप्याला लक्ष्मी-नारायण मानून जेवू घालायचं आणि मग बारा वर्षांचं फळ उदक सोडून यांच्या आयुष्यासाठी द्यायचं. नवरा-बायकोच्या त्या जोडप्याला मेहूण म्हणतात, आणि मेहूण म्हणून बोलावलं की कोणी नाही म्हणत नाही.

हे त्या वेळी मुख्यमंत्र्यांचे मुख्य राजकीय सल्लागार होते. सगळे यांना नाना म्हणत. मंत्र्याचा दर्जा, दारात पोलीस, हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात वेगळा बंगला. निवडणूक यांनी कधी लढवली नाही. मुख्यमंत्री सभेत जे बोलत ते आदल्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात ठरलेलं असे. मला राजकारणातलं कळत नाही असं हे चारचौघांत म्हणायचे. कळत नव्हतं असं नाही. मी विचारत नव्हते एवढंच.

त्या अधिवेशनात तर न विचारताही कळत होतं. दूधवाल्याच्याही तोंडी एकच गोष्ट होती. मुख्यमंत्री जाणार आणि पाटबंधारेमंत्री संपतराव ढोमणे येणार. दिल्लीहून पक्षाचे निरीक्षक आले होते. गुरुवारी दुपारी चारला आमदारांची बैठक होती. ज्याच्या बाजूनं जास्त हात वर होतील त्याच्याकडे राज्य. ढोमण्यांच्या बाजूला आमदार जास्त आहेत असं सगळे म्हणत. मुख्यमंत्री गेले असते तर त्यांच्याबरोबर हेही गेले असते.

"अहो, पण ढोमणे तर सध्या साहेबांच्या विरोधात..." मी चाचरत म्हटलं.

"राजकारण बाहेर. देवाच्या कामात कसलं राजकारण आणायचं? आणि खरं सांगू का, असे वाद मिटायला एखादा चांगला मुहूर्त लागतो. बैठक चारला. तोवर निवांत जेवण होईल. कुणी सांगावं, पानावरच दोन शब्द गोडीचे होतील."

मला वाटलं, देवीनंच यांच्या तोंडून हे वदवलं.

मी स्वतः अक्षता घेऊन ढोमण्यांच्या बंगल्यावर गेले. इंदूताई माझ्याहून लहान, गोल चेहऱ्याच्या, सतत हसणाऱ्या. आम्ही दोघी अधिवेशनात एकमेकींकडे जायचो. उपासाला काय चालतं नि काय नाही यावर तास तास बोलायचो. संपतराव बाहेर निघाले होते. मला बघून चपला काढल्या आणि मागे आले.

"कायले तरास घेतला वैनी? फोन करायचा होता."

"मेहुणाला फोनवर बोलावतात का?"

"मले नारायण करता?" ते मोठ्यानं हसले. "इंदे, आयकलं का वं. तुया नवऱ्याचे पाय धुनार हायेत नानांच्या घरी. साबनानं घासून ठेवा लागते."

"चूप बसा," इंदूताई लाजून म्हणाल्या. मग मला हळूच, "गुरुवारी त्यायची ते बैठक हाय ना, वैनी?"

"चारला आहे. त्याच्या आत उरकेल."

"आन् नाना सोता घरी राहतीन का?" संपतरावांनी विचारलं.

"राहणार ना. यजमान तेच. पूजेला बसायचंय त्यांना."

संपतरावांनी मान हलवली. "नाना घरी हायेत म्हनजे तिकडं काही होत नाही. ते नसले तर त्या मानसाले चष्मा कुठं ठेवला तेही सापडत नाही. येतो वैनी. अन्नाले नाही म्हनत नाही मी."

गुरुवारी मी पहाटे उठून पुरण घातलं. अकराला दोघं आले. संपतरावांनी धोतर नेसलं होतं. इंदूताईंनी हिरवी नऊवारी. यांनी कधी नव्हे ते सोवळं नेसलं. दिवाणखान्यातल्या फोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आज घरात घंटी वाजेल ती फक्त देवाची."

वझलवार गुरुजींनी मंत्र सुरू केले. मी परातीत दोघांचे पाय धुतले. संपतरावांच्या टाचांना भेगा होत्या, शेतात राबणाऱ्या माणसाच्या. ते संकोचून पाय मागे घेत होते. "राहू द्या ना वैनी." मी घट्ट धरून धुतले, पुसले, वर चंदन लावलं. हे शेजारी बसून पळीनं पाणी घालत होते. हात जराही हलत नव्हता.

पानं मांडली. मेहुणाची दोन, शेजारी यांचं. संपतराव पानावर बसता बसता म्हणाले, "नाना, तुमी इतं, मी इतं. तिकडं निरीक्षक काय पत्ते खेळतीन का चारपर्यंत?"

"खेळू देत," हे म्हणाले. "आज तुम्ही देव. देवानं सभेची काळजी करू नये."

मी वाढायला लागले. संपतराव जेवायचे कसे, बघण्यासारखं होतं. पुरणपोळीवर तूप ओतून घ्यायचे, घास तोंडात गेला की डोळे मिटायचे. इंदूताई अधूनमधून डोळे वटारत होत्या आणि ते लहान मुलासारखे तिकडे न बघता पुढची पोळी मागत होते. हेही आग्रह करत होते. "आणखी एक. अहो, नारायणानं एवढ्यावर उठायचं? अगं, त्यांना कटाची आमटी वाढ." मला भरून येत होतं. मनात म्हणत होते, असेच हसत राहू देत दोघं. चारच्या सभेतून असेच बाहेर पडू देत.

मी तूप आणायला स्वयंपाकघरात आले तर मागच्या दारात वानखडे उभा. संपतरावांचा स्वीय सहायक. डिसेंबरची थंडी आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. एका हवालदारानं त्याचा दंड धरला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, रोज एक पोलीस असतो, आज चार आहेत.

"बाई, साहेबांले दोन शब्द सांगाचे हायेत. फक्त दोन."

"पानावर बसलेत रे."

"मले मालूम हाय बाई. मी जेवलो ना या घरी." त्यानं हात जोडले. "पन लय महत्त्वाचं हाय. फोन लागून नाही राहिला. पुढच्या दारातून येऊ नाही देऊन राहिले."

"चांगली बातमी आहे का?"

तो खाली बघायला लागला.

"मग आता नको, बाबा. ताकभात राहिलाय. हात धुतले की आधी तुलाच आत बोलावते. बस इथे ओट्यावर. तुलाही पान वाढते."

"उशीर होईन, बाई."

"कशाला उशीर? सभा चारला आहे ना?"

त्यानं तोंड उघडलं. पण हवालदारानं दंड ओढला आणि म्हणाला, "बाईंचं व्रत हाय ना भाऊ, चाल तिकडं." वानखडे माझ्याकडे बघत बघत मागे गेला. त्याला ओरडता आलं असतं. भिंतीपलीकडेच तर साहेब बसले होते. पण तोही या घरचं पान जेवलेला. नियम त्याला पाठ होता.

मी तूप घेऊन आत गेले. यांनी माझ्याकडे बघितलं. "कोण होतं?"

"कोणी नाही. पान झाल्यावर बघू," मी म्हटलं.

हे प्रसन्न हसले. "संपतराव, बघा. ब्रह्मदेव आला तरी आमची ही पानावरून उठू द्यायची नाही."

"असंच पायजे," संपतराव म्हणाले. "वैनी, ताक आना बाप्पा."

ताकभात झाला. हात धुतले. मी विड्याचं तबक आणलं, इंदूताईंची ओटी भरायला नारळ आणि खण घेतला. तेवढ्यात फटाक्यांची माळ वाजली. मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याच्या बाजूनं. मग दुसरी. मग ढोल.

"फटाके कायचे जी?" संपतराव हात पुसत थांबले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन वाजून गेले होते. "आज तं कोनाचं लगीन नाही."

हे अजून पाटावरच होते. सुपारी कातरत म्हणाले, "बैठक एक वाजता घेतली. निरीक्षकांना परतीच्या विमानाची घाई होती म्हणे. साहेबांची एकमतानं निवड झाली असेल."

बाहेर ढोल वाजत होता.

"एक वाजता?" संपतराव म्हणाले. "मले निरोप नाही?"

"तुमच्या बंगल्यावर पाठवला होता. तुम्ही नव्हता."

"मानसं माही हायेत, नाना. मी नसलो तरी हात वर करनार नाहीत."

आता मागच्या दारातून वानखडे आत आला. हवालदारानं सोडलं होतं. आता धरून काय उपयोग होता? तो संपतरावांपाशी येऊन जमिनीवरच बसला. "केले साहेब. सगळ्यायनं केले. तिकडं सांगतलं का ढोमनेसाहेब नानांच्या घरी पंगतीले बसले हायेत, समझोता झाला, पुरनपोळी खाऊन राहिले. आपल्या दोघातिघांनी मानूस पाठवला या बंगल्यावर पाहाले. त्यानं खिडकीतून पाहून सांगतलं. खरंच जेवून राहिले म्हने."

संपतराव यांच्याकडे वळले. आवाज चढला नाही. "पन तुमी तं इतं बसले होते, नाना."

"म्हणून तर बसलो होतो," हे म्हणाले. अडकित्ता खाली ठेवला. "तिकडे माझं काही काम नव्हतं."

इंदूताईंनी पदर सावरला. माझ्याकडे बघितलं. "वैनी, तुमाले मालूम होतं?"

मी मान हलवली. नाही म्हणायचं होतं. मान हलली ती होय म्हणून की नाही म्हणून, त्यांना कळलं असेल का, कोण जाणे. हातातला नारळ मी तसाच धरून होते.

संपतराव दारापर्यंत गेले. चपलेत पाय घातला. मला वाटलं गेले. मग पाय काढून ते परत आत आले. गुरुजींच्या तबकातल्या अक्षता उचलल्या. "मेहुनानं आशीर्वाद द्याचा राह्यला," ते म्हणाले. मी वाकले. माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या. शब्द स्पष्ट होते. "अखंड सौभाग्यवती व्हा, वैनी."

तो आशीर्वाद असतो नवऱ्याच्या आयुष्याचा. यांच्या आयुष्याचा.

इंदूताईंनी ओटी घेतली. पदर पुढे करून. मोटार गेली.

यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि घंटी लगेच वाजायला लागली. "बोला साहेब... अहो, माझं काय, सगळं हिच्या व्रतानं झालं..." हसण्याचा आवाज येत होता.

गुरुजी खाली मान घालून बसले होते. "बाई, उदक सोडायचं राहिलंय. यजमानांना बोलवा."

मी हाक मारली. यांनी फोनवर हात ठेवला. "तुमचं चालू द्या. माझा हात लागला समजा."

मी एकटीच पाटावर बसले. गुरुजींनी पळीभर पाणी माझ्या ओंजळीत घातलं. त्यात तुळशीचं पान, अक्षता. "म्हणा. मम भर्तुः..."

"गुरुजी," मी म्हटलं, "हे दुसऱ्या कोणाच्या नावानं सोडता येतं का?"

त्यांनी वर बघितलं. "पुण्य तुमचं आहे. कोणालाही देता येतं. पण एकदा दिलं की परत मागता येत नाही."

"तर मग संपतराव ढोमण्यांना. त्यांचं गोत्र मला ठाऊक नाही."

"गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. आणि मंत्र बदलला.

पाणी ताम्हनात पडलं. दिवाणखान्यात हे कोणाला तरी सांगत होते, पेढे मागवा. मग मी माझं पान घेतलं. प्रसाद टाकता येत नाही. पुरण कडू लागेल असं वाटलं होतं. गोड लागलं. सगळं जमून आलं होतं, वेलदोडा, जायफळ, सगळं.

पंधरा दिवसांत संपतरावांचं मंत्रिपद काढलं. ते गावी गेले. ज्येष्ठात बातमी आली की वावरात, शेताच्या बांधावर, बसल्या जागी गेले. पन्नाशीही ओलांडली नव्हती.

हे म्हणाले, "शोकसंदेश मी लिहून देतो साहेबांना. तू कशाला जातेस?" मी गेले. एसटीनं गेले. इंदूताई ओसरीवर होत्या. कपाळ मोकळं. मला बघून उठल्या नाहीत, पण हाकलूनही दिलं नाही. मी पायरीवर बसले. म्हटलं, "कसं झालं हो?"

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं. भाकरी, वरण, कांदा. माझ्यापुढे ठेवलं.

"मला घास उतरणार नाही, इंदूताई."

"जेवा," त्या म्हणाल्या. "पानावर बसल्या मानसाले वाईट सांगत नाही ना तुमच्यात? मंग आधी जेवा. मंग सांगतो ते कसे गेले."

मी जेवले. एकेक घास. त्या समोर बसून बघत होत्या. ताट पुसून काढलं तेव्हा त्यांनी सांगितलं. मध्येच म्हणाल्या, "त्या दिवशी मोटारीत मी भांडली त्यायच्याशी. म्हटलं, आशीर्वाद कायले दिला त्या घराले? तं म्हने, इंदे, अन्न पोटात हाय त्यायचं. आता तोंडातून वाईट निघत नाही. मनातून दिला म्हने." मग माझं ताट उचलून त्या आत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. यांनी त्यानंतर आणखी दोन मुख्यमंत्र्यांना सल्ला दिला. आता आम्ही पुण्यात असतो. यांची ऐंशी उलटली. दात शाबूत, चष्मा नुसता वाचायला. पहाटे फिरून येतात. डॉक्टर म्हणतात, हृदय तरण्या माणसाचं आहे.

परवा एका वर्तमानपत्राची मुलगी आली होती. यांच्या आठवणी लिहून घ्यायला. दुपारची वेळ, म्हणून तिलाही पान वाढलं. व्रत त्या गुरुवारीच संपलं, पण एक पान वाढल्याशिवाय मला अजून जेवता येत नाही. आता मी आधी विचारते. "बाळ, कोणाचा फोन यायचाय का? काही निरोप असेल तर आधी घेऊन ये. मग बस." तिनं फोन बघितला आणि बसली.

हे रंगात आले होते. नागपूरचा गुरुवार सांगत होते. रिसीव्हर, हवालदार, खिडकीतून बघणारा माणूस, सगळं. ती मुलगी हसून हसून लिहीत होती. "केवढं डोकं चालवलं हो सर! आणि वहिनींना माहीत होतं?"

"हिला? काही नाही. हिला माहीत असतं तर जमलं असतं का?" हे माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले. "पण लिहा तुम्ही, मोकळेपणानं लिहा. माझ्यासाठी बारा वर्षं रोजचा नेम केला हिनं. त्या दिवशी उद्यापन होतं, उदक सोडलं माझ्या नावानं. मी आज जो तुमच्यासमोर बसलोय ना, तो हिच्या पुण्याईवर जगतोय."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून लेखणी धरून थांबली.

यांचा घास हातात होता. पानात आमटी संपत आली होती.

पानावर बसलेल्या माणसाच्या कानावर वाईट काही घालायचं नाही.

"भात वाढू?" मी विचारलं.